बत्तीस तबकड्या, एक टेकडी

1958 साली दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेत ऑस्ट्रेलियाहून सामान येऊन पडलं. बत्तीस तबकड्या होत्या, एकेकीचा व्यास साधारण माणसाच्या उंचीएवढा. सिडनीतल्या पॉट्स हिल इथल्या जलाशयाच्या काठावर त्या काही वर्षं सूर्याकडे तोंड करून उभ्या होत्या. तिथल्या लोकांनी नवी, मोठी दुर्बीण बांधायला घेतली आणि या तबकड्यांची अडगळ झाली. दिल्लीत त्यांचं काय करायचं हे ज्या माणसाला नेमकं ठाऊक होतं, तो तोवर कॅलिफोर्नियात पोचला होता. सामान पडून राहिलं.

त्या माणसाचं नाव गोविंद स्वरूप. जन्म 1929चा, उत्तर प्रदेशातल्या मुरादाबाद जिल्ह्यातलं ठाकुरद्वारा हे गाव. पुण्याहून नाशिकला जाताना नारायणगावच्या पुढे-मागे उसाच्या आणि द्राक्षांच्या वर डोकं काढणाऱ्या ज्या प्रचंड जाळीदार ताटल्या दिसतात, त्या त्यांच्या डोक्यातून निघाल्या. पण तिथे पोचायला त्यांना तीस वर्षं लागली. वाट दिल्ली, सिडनी, टेक्सास, स्टॅनफर्ड, कल्याण आणि उटी अशी वाकडीतिकडी गेली.

अलाहाबाद विद्यापीठातून 1950 मध्ये एम.एस्सी. होऊन ते दिल्लीच्या त्या प्रयोगशाळेत रुजू झाले. संचालक होते के. एस. कृष्णन, रामन यांचे जुने सहकारी. कृष्णन यांनी या पोराला पहिलं काम दिलं ते इलेक्ट्रॉनच्या चुंबकीय गुणधर्मांसाठी एक उपकरण जुळवण्याचं. त्यासाठी भाग कुठले, तर महायुद्धानंतर भंगारात निघालेल्या रडारचे. ही गोष्ट लक्षात ठेवायला हवी, कारण रेडिओ खगोलशास्त्र जगभर याच भंगारातून उभं राहिलं. युद्धात विमानं हुडकणारे इंग्लंड-ऑस्ट्रेलियातले तरुण अभियंते शांतता झाल्यावर तीच यंत्रं आकाशाकडे वळवून बसले होते. 1952 साली कृष्णन सिडनीला एका परिषदेसाठी गेले, तिथलं हे काम पाहून भारून परत आले आणि प्रयोगशाळेत त्यावर बोलले. ऐकणाऱ्यांत स्वरूप होते. पुढच्याच वर्षी, वयाच्या चोविसाव्या वर्षी, कोलंबो योजनेच्या शिष्यवृत्तीवर ते सिडनीला निघाले.

सिडनीतल्या गटाचे प्रमुख जोसेफ पॉझी. त्यांनी या नवख्याला एकाच कामाला जुंपलं नाही, वेगवेगळ्या गटांत काही काही महिने फिरवलं. पहिला मुक्काम क्रिस्तियानसेन यांच्याकडे, पॉट्स हिलला. त्या तबकड्या ओळीने उभ्या असत आणि ओळीतून सूर्याची एका वेळी एकाच दिशेतली पट्टी मिळे. दिवसभरात पृथ्वी फिरते, पट्टीची दिशा बदलते. अशा पुष्कळ पट्ट्या गणिताने एकत्र केल्या की सूर्याचं पूर्ण चित्र उमटतं. आज हे गणित संगणक डोळ्याची पापणी लवायच्या आत करतो. 1953 मध्ये ते हाताने, टेबलावरच्या विजेच्या आकडेमोड यंत्रावर करायचं होतं आणि त्यात महिनेच्या महिने गेले. स्वरूप यांनी ही हमाली केली. माझ्या मते त्यांचं खरं शिक्षण ते हेच. अनेक छोट्या तबकड्या मिळून एक मोठी होते, हे पुस्तकात वाचणं वेगळं आणि आकड्या-आकड्याने बोटांतून जाणं वेगळं.

दुसऱ्या वर्षी त्यांनी आणि कोडाईकनालहून आलेल्या पार्थसारथी यांनी त्याच तबकड्या वेगळ्या तरंगलांबीसाठी बदलून घेतल्या. एव्हाना त्या दोघांना तबकड्यांचा खिळा न खिळा ठाऊक झाला होता. त्यामुळे त्या टाकून देणार आहेत हे कळल्यावर स्वरूप यांनी पॉझींना सरळ विचारलं, की मग आम्हाला द्या ना. पॉझी तयार, कृष्णन तयार. ऑस्ट्रेलियाने भेट म्हणून द्यायलाही होकार दिला. अडलं ते पाठवणीच्या भाड्यावर. ते कोणी भरायचं यावर कागद इकडून तिकडे फिरत राहिले. स्वरूप 1955 मध्ये दिल्लीला परतले, वाट पाहिली आणि 1956 मध्ये अमेरिकेला निघून गेले.

टेक्सासमधल्या फोर्ट डेव्हिस इथे हार्वर्डचं एक रेडिओ केंद्र होतं. तिथे त्यांनी सूर्यावरच्या रेडिओ स्फोटांचा एक नवा प्रकार नोंदवला. त्याची कंप्रता आधी खाली येते आणि मग उलटी वर चढते, इंग्रजी यू अक्षरासारखी. तिथून स्टॅनफर्डला, रोनाल्ड ब्रेसवेल यांच्याकडे. ब्रेसवेल तिथे बत्तीस तबकड्यांचीच दुर्बीण बांधत होते. हा आकडा स्वरूप यांच्या पाठीच लागला होता जणू. तिथे एक खरी अडचण होती. प्रत्येक तबकडीपासून मुख्य यंत्रापर्यंत जाणाऱ्या तारेची लांबी तापमानाने किंचित बदलते आणि तेवढ्याने सगळ्या लहरींचा मेळ बिघडतो. स्वरूप आणि त्यांचे सहकारी यांग यांनी संकेत तारेतून टोकापर्यंत पाठवून, परत आणून, हा फरक मोजण्याची युक्ती काढली. ज्याला एकाहून जास्त अँटेना एका तालात चालवायच्या असतील त्या प्रत्येकाला ही गोष्ट लागते. पीएच.डी. झाली, स्टॅनफर्डने सहायक प्राध्यापकाची जागा दिली. बहुतेक चरित्रं इथे सुखान्त होतात.

1961च्या ऑगस्टमध्ये बर्कलीला खगोलशास्त्रज्ञांचं आंतरराष्ट्रीय अधिवेशन भरलं. तिथे परदेशात काम करणारे भारतीय रेडिओ खगोलशास्त्रज्ञ भेटले आणि बोलणं वाढत गेलं. स्वरूप, टी. के. मेनन, मुकुल कुंडू आणि सिडनीत असलेले टी. कृष्णन अशा चौघांनी मिळून भारतातल्या काही संस्थांना एक प्रस्ताव पाठवला. आम्ही चौघे एकत्र परत येतो, गट उभा करतो, तुम्ही जागा द्या, असा त्याचा आशय. टाटा मूलभूत संशोधन संस्थेचे होमी भाभा यांनी जगातल्या जाणत्यांकडून या चौघांबद्दल मतं मागवली आणि 1962च्या जानेवारीत तार केली, की गट स्थापन करायचं ठरलं आहे, नेमणुकीचं पत्र मागाहून येत आहे. सरकारी कारभाराची सवय असलेल्या वाचकाने या तारखा पुन्हा एकदा पाहाव्यात. सप्टेंबरात प्रस्ताव, जानेवारीत होकार. याच देशात बत्तीस तबकड्यांचं भाडं ठरायला त्याहून कितीतरी जास्त वेळ लागला होता.

चौघे एकत्र काही आले नाहीत. कुणी काही वर्षांसाठी आलं आणि परत गेलं, कुणी आलंच नाही. 1963च्या वसंतात स्वरूप मुंबईत उतरले आणि ते राहिले.

आल्या आल्या त्यांनी दिल्लीतल्या तबकड्या मिळवल्या. मुंबईजवळ कल्याणला त्या उभ्या राहिल्या, चोवीस पूर्व-पश्चिम ओळीत, आठ उत्तर-दक्षिण. 1965 मध्ये भारताची ही पहिली रेडिओ दुर्बीण सूर्य पाहू लागली. मागायचं धाडस केल्यापासून त्या सुरू होईपर्यंत दहा वर्षं गेली होती. कल्याणवर फार रेंगाळण्याचं कारण नाही, तिथे क्रांती झाली नाही. तिथे माणसं घडली. अणुऊर्जा प्रशिक्षण शाळेतून नुकती बाहेर पडलेली, रेडिओ दुर्बीण कधी न पाहिलेली मुलं सोल्डरिंगच्या वासात हा विषय शिकली. त्यांतलाच एक विजय कपाही, त्यांच्याकडे येऊच.

स्वरूप यांचं मन मात्र कधीच सूर्यावरून उडालं होतं. 1963 मध्ये ऑस्ट्रेलियातल्या पार्क्स दुर्बिणीने लावलेला एक शोध त्यांच्या वाचनात आला. चंद्र आकाशात सरकताना त्याच्या मागे एखादा रेडिओ स्रोत झाकला जातो. चंद्राची कडा नेमकी कुठे आहे हे गणिताने माहीत असतं. स्रोत कोणत्या क्षणी दिसेनासा झाला हे मोजलं की त्याची जागा कळते. तो झपकन विझला की हळूहळू मावळला यावरून आकार कळतो. चंद्र दर सेकंदाला सुमारे अर्धा विकला सरकतो. अर्धा विकला म्हणजे चार किलोमीटरवर धरलेल्या नाण्याच्या साधारण निम्म्या रुंदीएवढा कोन, हे लक्षात घेतलं की या पद्धतीची धार समजते. या युक्तीने पार्क्सवाल्यांनी एक क्वेसार पकडला होता. स्वरूप यांच्या मनात आलं, की एकदोनच का, शेकडो स्रोत असे का मोजू नयेत? त्यासाठी चंद्राचा तासन्‌तास पाठलाग करू शकेल असा भला मोठा अँटेना हवा. गोल ताटली एवढी मोठी बांधायची तर ती दोन दिशांना फिरवावी लागते, आणि त्या यंत्रणेचा खर्च भारताच्या आवाक्याबाहेरचा.

इथे त्यांनी जे केलं ते मला त्यांच्या सगळ्या कामात सर्वांत देखणं वाटतं. पृथ्वी एका अक्षाभोवती फिरते. लांबलचक पन्हळीसारखा अँटेना त्या अक्षाला समांतर ठेवला, तर आकाशाचा पाठलाग करायला तो एकाच दिशेत कुशीवर वळवला की पुरे. उत्तर-दक्षिण पसरलेली पन्हळ पृथ्वीच्या अक्षाला समांतर व्हायची तर तिला त्या ठिकाणच्या अक्षांशाएवढा तिरपेपणा द्यायला हवा. इंग्लंडच्या केंब्रिजला हे करायचं म्हटलं तर उतार 52 अंशांचा, म्हणजे अर्ध्या किलोमीटरच्या पन्हळीचं वरचं टोक जमिनीपासून चारशे मीटरवर. दिल्लीत अडीचशे मीटर. पण दक्षिण भारतात, विषुववृत्ताजवळ? तिथे अकरा अंशांचा उतार पुरतो, आणि तेवढा उतार असलेली टेकडी निसर्गानेच बांधून ठेवलेली असू शकते. शोधायची फक्त.

शोध निलगिरीत संपला. उटीजवळ मुत्तोराई इथे उत्तर-दक्षिण पसरलेली, अकरा अंशांनी उतरणारी टेकडी सापडली आणि तिच्या अंगावर 530 मीटर लांब, 30 मीटर रुंद पन्हळ टाकली गेली. चोवीस चौकटी, त्यांवरून टोकापासून टोकापर्यंत ताणलेल्या अकराशे पोलादी तारा. पत्रा नाहीच. मधल्या काळात, 1966च्या जानेवारीत, भाभा विमान अपघातात गेले. काम थांबलं नाही. 1970 मध्ये उटीची दुर्बीण चालू झाली. टेकडीच यंत्राचा अर्धा भाग होती, आणि तिचे पैसे कोणाला द्यावे लागले नाहीत.

पुढच्या काही वर्षांत उटीने चंद्राआड जाणारे शेकडो स्रोत मोजले. 1975च्या सुमारास स्वरूप आणि कपाही यांनी आकडे मांडले, तेव्हा एक कल स्पष्ट दिसला. अंधूक, म्हणजे बहुतांशी दूरचे स्रोत, कोनीय आकाराने लहान होत जात होते, आणि ते ज्या रीतीने लहान होत होते ती रीत विश्व सदासर्वकाळ एकसारखं असतं या स्थिर स्थितीच्या मताशी जुळत नव्हती. दूरचं म्हणजे जुनं. जुनं विश्व आजच्याहून वेगळं होतं, असं ते आकडे सांगत होते. मराठी वाचकाच्या भुवया इथे उंचावतील, कारण स्थिर स्थिती विश्वाचे एक खंदे पुरस्कर्ते, हॉइल यांचे शिष्य जयंत नारळीकर, 1972 पासून त्याच टाटा संस्थेत होते. एकाच संस्थेच्या एका गटाचे आकडे दुसऱ्याच्या सिद्धान्ताच्या मुळावर उठलेले. पुढे दोघांनीही आपापल्या संस्था पुणे विद्यापीठाच्या आवारात, एकमेकांच्या शेजारी उभ्या केल्या. मराठीत विज्ञानावर लिहिताना आपण या शेजाराचं कौतुक फारसं करत नाही. करायला हवं.

उटीनंतरचं एक अपयशही सांगितलं पाहिजे, नाहीतर ही गोष्ट फार गुळगुळीत होईल. स्वरूप यांना विषुववृत्तावरच, दोन किलोमीटर लांबीची पन्हळ हवी होती. केनिया, मग इंडोनेशिया, युनेस्कोच्या वाऱ्या, अनेक देशांचा सहभाग. वर्षं गेली आणि काही उभं राहिलं नाही. पन्नाशी उलटलेल्या माणसाने इथे थांबायला हरकत नव्हती.

1984च्या सुरुवातीला त्यांनी कोरा कागद घेतला. अमेरिकेत न्यू मेक्सिकोच्या वाळवंटात 25 मीटर व्यासाच्या 27 तबकड्यांची व्हीएलए ही दुर्बीण नुकती उभी राहिली होती. तिच्याशी शर्यत करण्यात अर्थ नव्हता. स्वरूप यांनी पाहिलं ते ती काय करत नाही हे. पश्चिमेकडचे सगळे लहान तरंगलांबीकडे निघाले होते. मीटरभर लांबीच्या लहरींकडे त्यांनी पाठ फिरवली होती. त्या पट्ट्यात त्यांच्याकडे दूरदर्शन आणि रेडिओचा कल्लोळ होता. भारतात तेव्हा तो फार कमी होता. आपलं मागासलेपण म्हणजे इथे मोकळं आकाश होतं.

दुसरा मुद्दा वाऱ्याचा. मोठी तबकडी महाग होते ती तिच्या पृष्ठभागामुळे कमी आणि वाऱ्यामुळे जास्त. पत्र्याची ताटली म्हणजे शीड. ते तोलायला लोखंड लागतं, त्या लोखंडाचं वजन पेलायला आणखी लोखंड. पण मीटरभर लांबीच्या लहरीला सेंटिमीटरभर भोक दिसतच नाही; तिच्या लेखी जाळी आणि पत्रा सारखेच. मग पत्रा कशाला? स्वरूप यांच्या गटाने अर्ध्या मिलिमीटरहून किंचित जाड, 0.55 मिलिमीटरच्या स्टेनलेस तारेची जाळी घेतली. मध्यभागी तिची चौकट 10 मिलिमीटरची, कडेला 20. ही जाळी ताणून बसवायची पोलादी दोरांच्या विणीवर आणि दोर बांधायचे नळ्यांच्या अन्वस्ताकार चौकटींना.

आपल्याकडची बाज आठवा. चार पाय आणि चार लाकडं, मध्ये नुसती सुतळी, आणि तीवर धट्टाकट्टा माणूस निजतो. इथे तीच चाल आहे, फक्त 45 मीटर व्यासाची आणि मिलिमीटरच्या हिशेबाने खेचलेली. याला कौतुकाने ‘जुगाड’ म्हणण्याची हल्ली पद्धत पडली आहे. मला तो अपमान वाटतो. जुगाड वेळ मारून नेतो. या अँटेनाचा सांगाडा टाटा कन्सल्टिंग इंजिनिअर्सनी वाऱ्याच्या दाबाची बारीक गणितं करून बेतला आणि तो तीसेक वर्षांचे पावसाळे खाऊन आजही फिरतो आहे.

जागा ठरली जुन्नर तालुक्यात, नारायणगावापासून पूर्वेला खोडद. पुण्याहून ऐंशीएक किलोमीटर. शहर पुरेसं लांब, भोवती डोंगरांचा आडोसा, वारा बेताचा, बर्फाचा प्रश्नच नाही. 1987 मध्ये सरकारी मंजुरी आली आणि नव्वदच्या दशकात तीस अँटेना उभे राहिले: चौदा खोडदच्या मध्यवर्ती आवारात, सोळा तीन हातांवर, इंग्रजी वाय अक्षरासारखे, सगळा पसारा पंचवीस किलोमीटरचा. मध्ये गावं, वाड्या, टोमॅटो, कांदा, ऊस. सगळे अँटेना जमिनीखालच्या प्रकाशीय तंतूंनी जोडलेले. तीसही ताटल्यांचं क्षेत्रफळ मिळून सुमारे 47 हजार चौरस मीटर, म्हणजे व्हीएलएच्या साडेतीन पट. तमाशाची पंढरी म्हणवणाऱ्या नारायणगावाजवळ जगातली आपल्या पट्ट्यातली एक अत्यंत संवेदनशील दुर्बीण उभी राहिली. जायंट मीटरवेव्ह रेडिओ टेलिस्कोप, जीएमआरटी.

स्वरूप 1994 मध्ये निवृत्त झाले. धुरा कपाहींकडे गेली. कल्याणच्या तबकड्यांवर हात बसवलेला हा माणूस 1999 मध्ये अकाली गेला. 2002 पासून दुर्बीण जगभरच्या खगोलशास्त्रज्ञांना खुली झाली. आता कोणीही अर्ज करतो. अर्ज चांगला असेल तर वेळ मिळतो, मग तो नेदरलँड्समधून येवो की पुण्यातून.

ज्यासाठी ही दुर्बीण मुळात मागितली होती, ते मात्र तिला सापडलं नाही. हायड्रोजनचा अणू 21 सेंटिमीटरची लहर सोडतो. दूरवरून येताना विश्वाच्या प्रसरणाने ती ताणली जाऊन मीटरच्या घरात पोचते. दीर्घिकांचे समूह बनण्याआधीचे हायड्रोजनचे महाप्रचंड ढग अशा ताणलेल्या लहरींत दिसतील, अशी 1984 मध्ये आशा होती. ज्या सिद्धान्तावर ती उभी होती तो पुढे मागे पडला. ढग तसे नव्हतेच. दुर्बीण दरम्यान पल्सार, दीर्घिका समूह, सूर्य, सगळं पाहत राहिली. चांगल्या यंत्राचं असंच असतं; बांधणाऱ्याचा प्रश्न चुकला तरी ते दुसऱ्याच्या प्रश्नाला उपयोगी पडतं.

तालुक्यातल्या लोकांची बाजूही इथे नोंदवतो. आकाश शांत राहावं म्हणून या परिसरात उद्योगांवर बंधनं आली आणि पुणे-नाशिक रेल्वेचा नारायणगावमार्गे जाणारा बेतही या दुर्बिणीमुळेच अडला. शिवनेरीच्या पायथ्याच्या तरुणाला कारखाना हवा आहे, रेल्वे हवी आहे, त्याला दोष देता येणार नाही. दुसरीकडे, दरवर्षी 28 फेब्रुवारीच्या विज्ञान दिनाला खोडदला प्रदर्शन भरतं आणि आसपासच्या शाळांतली मुलं आपले प्रयोग घेऊन तिथे येतात. तोल कुठे साधायचा हा प्रश्न खगोलशास्त्राचा नाही आणि तो सुटलेलाही नाही.

2020 मध्ये सप्टेंबरच्या 7 तारखेला गोविंद स्वरूप पुण्यात वारले. वय 91. त्यानंतर पाच-सहा आठवड्यांनी ‘नेचर’मध्ये एक निबंध आला. आदित्य चौधुरी, निस्सीम काणेकर आणि सहकाऱ्यांनी नूतनीकरण झालेल्या जीएमआरटीने सुमारे आठशे कोटी वर्षांपूर्वीच्या दीर्घिकांमधला हायड्रोजन मोजला होता. एकेका दीर्घिकेची लहर इतकी क्षीण की ती वेगळी ऐकू येत नाही. म्हणून त्यांनी 7,653 दीर्घिकांच्या लहरी एकावर एक रचल्या. सिडनीत सूर्याच्या पट्ट्या रचत बसलेल्या चोवीस वर्षांच्या मुलाला हे काम लगेच ओळखू आलं असतं.

खोडदला जाऊन अँटेनाखाली उभं राहून वर पाहिलंत, तर ताटलीतून आरपार आकाश दिसतं. जरूर जा. फक्त फाटकाशी मोबाइल बंद करायला सांगतील तेव्हा कुरकुर न करता खरोखरच बंद करा. ज्या लहरी ऐकायला तीस ताटल्या कान लावून बसल्या आहेत, त्यांच्यापुढे तुमच्या खिशातला फोन म्हणजे लग्नाच्या वरातीतला बँड आहे.